मृत धाग्याची वार्ता

पूर्वीं टपालवाल्यानें घरांत कार्ड टाकलें आणि त्याचा कोपरा फाडलेला दिसला, म्हणजे मजकूर वाचण्याच्या आधींच घरांतल्या माणसांच्या काळजाचा ठोका चुकत असे. आंत काय लिहिलें आहे, कोणाविषयीं लिहिलें आहे, हें मागाहून कळे. पण हें कार्ड लग्नाच्या आमंत्रणाचें नव्हे आणि खुशालीचेंहि नव्हे, एवढें त्या फाटक्या कोपऱ्यानें सांगून टाकलेलें असे. ज्या कोणीं ही रीत पाडली त्यानें मोठ्या शहाणपणाची गोष्ट केली. सुखाची आणि दुःखाची वार्ता एकाच टपालानें, एकाच दारांतून, एकाच किंमतीच्या कार्डावर येत असली तरी वाचणाऱ्याची गल्लत होऊं नये, अशी त्यानें तजवीज करून ठेवली.

श्रोतेहो, आज ज्या विषयासंबंधीं मला आपणांशीं बोलावयाचें आहे तो टपालाचा नाहीं, संगणकाच्या पोटांतला आहे. संगणकांत अनेक कामें एकाच वेळीं चाललेलीं असतात. त्यांपैकीं एखादें काम मध्येंच मरून पडलें, तर तें मेल्याची वार्ता कोणाला, कोणत्या वाटेनें आणि कोणत्या रूपांत कळावी? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु त्याचें समाधानकारक उत्तर शोधण्यांत साठ वर्षें गेलीं, आणि मधल्या काळांत एका चुकीच्या उत्तरापायीं एक प्रचंड अग्निबाण आकाशांत फुटून गेला. त्या खटपटीचा हा थोडक्यांत इतिहास आहे.

प्रथम 'धागा' या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची मालिका म्हणजे प्रोग्रॅम. या मालिकेंतून एकामागून एक आज्ञा पाळीत जाणारा जो कामाचा ओघ, त्याला इंग्रजींत 'थ्रेड' म्हणजे धागा म्हणतात. एखाद्या पेढीच्या खोलींत पांच कारकून एकाच दप्तरावर काम करीत बसले आहेत अशी कल्पना करा. हे पांच कारकून म्हणजे एका प्रोग्रॅमचे पांच धागे. आतां हेच कारकून पांच निरनिराळ्या खोल्यांत, आपआपलें दप्तर घेऊन बसले, तर त्यांना धागे न म्हणतां 'प्रोसेस' म्हणतात. दप्तर एक कीं अनेक, हा भेद ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें फार काम पडणार आहे.

काम वांटून द्यावयाचें आणि मग सर्वांची गांठ पुन्हां एके ठिकाणीं घालावयाची, या कल्पनेला १९६३ सालीं अमेरिकेंत मेल्विन कॉनवे यांनीं दोन सुटसुटीत नांवें वापरलीं: 'फोर्क' आणि 'जॉइन'. फोर्क म्हणजे रस्त्याला फाटा फुटणें, आणि जॉइन म्हणजे फुटलेले रस्ते पुन्हां मिळणें. हीं नांवें आजहि जशींच्या तशीं चालूं आहेत. पण फाट्यावरून गेलेला प्रवासी वाटेंतच गेला तर सांध्यापाशीं उभा असलेल्यानें काय समजावें, या गोष्टीचा बोभाटा पुढें झाला.

१९६९ सालीं बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' ही कार्यप्रणाली घडविण्यास आरंभ केला. तिच्यांतली योजना मोठी कौटुंबिक आहे. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. पहिलीला आई समजावें, दुसरीला मूल. मूल संपलें कीं त्याच्या शेवटाविषयींचा एक लहानसा आंकडा प्रणाली जपून ठेवते, आणि आईनें 'वेट' ही आज्ञा देऊन विचारलें म्हणजे तो तिच्या हातीं देते. शून्य म्हणजे काम सुरळीत पार पडलें; दुसरा कोणताहि आंकडा म्हणजे कांहीं तरी बिघडलें; आणि मूल आपण होऊन न संपतां मारलें गेलें असेल, तर त्याची खूण वेगळी. आईनें विचारीपर्यंत मेलेल्या मुलाचें नांव वहींतून कटत नाहीं. अशा मेलेल्या पण नोंद न मिटलेल्या प्रोसेसला 'झॉम्बी' असें नांव पडलें. आईच आधीं गेली तर पोरक्या मुलांना 'इनिट' नांवाची मूळ प्रोसेस पदरांत घेते. वार्ता हरवूं नये याची एवढी काळजी घेतलेली पाहून कौतुक वाटतें. तथापि एक उणीव राहिलीच. आंकडा हातीं येतो, पण तो पाहण्याची सक्ती कोणावरहि नाहीं. कित्येक प्रोग्रॅम त्या आंकड्याकडे न पाहतांच पुढें चालूं लागतात.

याहून चमत्कारिक गोष्ट 'अडा' भाषेंत घडली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठीं ज्याँ इशबिया यांच्या नेतृत्वाखालीं ही भाषा तयार झाली आणि १९८३ सालीं तिचें प्रमाणरूप ठरलें. तिच्यांत धाग्यांना 'टास्क' म्हणत. भाषेचा कटाक्ष सगळा सुरक्षिततेवर. आणि तरीहि नियम असा होता कीं, एखाद्या टास्कमध्यें अनपेक्षित प्रसंग उद्भवला व त्याचें निवारण त्या टास्कनें स्वतः केलें नाहीं, तर तें टास्क तेथेंच संपावें, आणि तो प्रसंग बाहेर कोणाकडेहि जाऊं नये. त्या टास्कशीं दुसऱ्या कोणी पुढें बोलूं गेलें तर त्याला मात्र ठेंच लागे. कोणी बोलूं गेलें नाहीं तर कारकून टेबलावर डोकें ठेवून कायमचा निजला आहे, हें शेजाऱ्यालाहि कळत नसे. या निःशब्द मरणाची रीतसर वर्दी मिळण्याची सोय 'अडा २००५' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तींत झाली.

वार्ता मुळींच न येणें हा एक अनर्थ. पण वार्ता यावी आणि ती खुशालीची समजली जावी, हा त्याहून मोठा. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानांत, कुरू येथील तळावरून 'एरियान ५' हा युरोपचा नवा अग्निबाण पहिल्यानेंच उडाला. त्याच्या आंत दिशा व वेग मोजणारीं दोन एकसारखीं यंत्रें होतीं. एक कामाचें, दुसरें राखीव. त्यांतला प्रोग्रॅम 'एरियान ४' या जुन्या अग्निबाणावरून उचललेला होता. नवा अग्निबाण जुन्याहून आडव्या दिशेनें फार लवकर वेग घेई. त्या वेगाशीं संबंधित अशी एक संख्या ६४ बिटांच्या मापांतून १६ बिटांच्या मापांत घालतांना ती मावली नाहीं. अपवादाचा प्रसंग उद्भवला. त्या ठिकाणीं निवारणाची योजना नव्हती, आणि ठरलेला नियम असा कीं, असा प्रसंग आल्यास यंत्रानें आपल्या बिघाडाची माहिती बाहेर पाठवावी व बंद पडावें. दोन्ही यंत्रांत प्रोग्रॅम एकच असल्यामुळें राखीव यंत्र आधीं बंद पडलें आणि मुख्य यंत्र पापणी लवण्याच्या आंत त्याच्या मागोमाग गेलें.

यापुढील भाग आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. मरतांना मुख्य यंत्रानें जी बिघाडाची खूण तारेवर टाकली, ती उड्डाणावर ताबा ठेवणाऱ्या संगणकानें खरोखरीचें मोजमाप म्हणून वाचली. अग्निबाण भलत्या दिशेस वळला आहे अशी त्याची समजूत झाली, आणि जो मार्ग चुकलेलाच नव्हता तो सुधारण्यासाठीं त्यानें नळकांडीं पराकाष्ठेपर्यंत वळविलीं. मुख्य एंजिन पेटविण्याच्या क्रियेपासून चाळीस सेकंद होण्याच्या आंत अग्निबाणाचे तुकडे झाले. पृथ्वीभोंवतालच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करण्यासाठीं बांधलेले 'क्लस्टर' मालिकेंतील चार उपग्रह त्याबरोबर गेले. त्यांच्या जागीं नवे उपग्रह आकाशांत जाण्यास २००० साल उजाडलें. ज्याक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें त्याच वर्षींच्या जुलैंत चौकशीचा अहवाल दिला. त्यांत एकाच माणसावर वा एकाच ओळीवर खापर फोडलेलें नाहीं. चुका अनेक होत्या. परंतु आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. त्या दिवशीं कार्ड वेळेवर आलें होतें, योग्य दारांतून आलें होतें. फक्त त्याचा कोपरा फाडलेला नव्हता.

त्याच सुमारास जावा ही भाषा प्रसिद्धीस आली. तिच्यांत धागा मेला तर त्याचा आक्रोश पडद्यावर छापला जाई आणि धागा संपे. पण सांध्यापाशीं वाट पाहत उभ्या असलेल्या जनक धाग्याला, आपला सोबती काम करून आला कीं प्राण सोडून, हें त्या 'जॉइन' आज्ञेवरून कळत नसे. मरणाऱ्या धाग्याचा अपवाद उत्तराच्या वाटेनेंच वाट पाहणाऱ्याच्या हातीं देण्याची सोय २००४ च्या आवृत्तींत आली. सी प्लस प्लस या भाषेनें २०११ च्या प्रमाणांत उलट टोक गांठलें: धाग्यांतून अपवाद बाहेर निसटला कीं सबंध प्रोग्रॅम तत्काळ बंद. एक कारकून कोसळला म्हणून पेढीलाच कुलूप! वार्ता दडली नाहीं हें खरें. पण ती ऐकावयास कोणी उरलेंहि नाहीं.

या सर्वांहून निराळी वाट स्वीडनमध्यें शोधली गेली. एरिक्सन या टेलिफोन कंपनीच्या स्टॉकहोम येथील प्रयोगशाळेंत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग व माइक विल्यम्स यांनीं 'अर्लांग' ही भाषा घडविली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत राहून दूरध्वनीच्या गर्दीचें गणित मांडणारे आग्नेर क्रारुप अर्लांग यांचें हें नांव. टेलिफोन केंद्राची गरज साधी आणि कठोर असते: एकाचें बोलणें तुटलें तर तुटो, पण त्यापायीं दुसऱ्या हजारांचें तुटतां कामा नये. म्हणून अर्लांगमध्यें प्रत्येकाचें दप्तर वेगळें. कोणी कोणाच्या कागदांस हात लावावयाचा नाहीं, चिठ्ठ्या पाठवून बोलावयाचें. दोन प्रोसेसांत दुवा जोडला म्हणजे एक मेली कीं दुसरीला तशी खूण मिळे. या खुणा घेण्यासाठींच नेमलेल्या देखरेख करणाऱ्या प्रोसेस असत. मेलेल्याच्या जागीं नवी प्रोसेस उभी करणें हेंच त्यांचें काम. मरणाऱ्यानें स्वतःला सावरीत बसूं नये, शेजाऱ्यानें सांवरावें, हें आर्मस्ट्राँग यांचें मत; २००३ सालच्या आपल्या प्रबंधांत त्यांनीं तें विस्तारानें मांडलें. दप्तर वेगळें असल्यामुळें मेलेला आपल्यामागें दुसऱ्याचें कांहीं अर्धवट टाकून जात नसे, ही या मताची खरी बैठक होती.

परंतु संगणकाच्या अगदीं तळाशीं चालणारे जे प्रोग्रॅम, त्यांना प्रत्येक वेळीं चिठ्ठी लिहीत बसणें परवडत नाहीं. तेथें एकच दप्तर सर्वांनीं वापरावें लागतें. अशा तळच्या कामासाठीं 'रस्ट' ही भाषा निघाली. कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं राहणारे ग्रेडन होअर यांनीं २००६ सालीं ती खाजगी छंद म्हणून हातीं घेतली. ते राहत त्या इमारतीचा पाळणा त्यांतील प्रोग्रॅम कोसळल्यामुळें बंद पडे, आणि त्यांना एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागत, अशी हकीकत सांगतात. २००९ पासून मोझिला या संस्थेनें या भाषेस आश्रय दिला, आणि १५ मे २०१५ रोजीं तिची पहिली पक्की आवृत्ति बाहेर पडली. रस्टच्या अधिकृत संदर्भग्रंथांत धाग्याच्या मरणासंबंधींच्या कल्पनांबाबत अर्लांगचें ऋण नमूद आहे. आरंभीं तर एक मेला कीं दुवा असलेला दुसराहि मरे, अशीच व्यवस्था होती. ती पक्क्या आवृत्तीपूर्वींच सोडून देण्यांत आली, आणि २०१४ सालीं धाग्याच्या अशा कोसळण्याला 'फेल'च्या ऐवजीं 'पॅनिक' हा शब्द आला.

आतां रस्टची रीत पाहूं. नवा धागा सुरू केला कीं जनकाच्या हातीं एक पावती येते. ती दाखवून 'जॉइन' म्हटलें म्हणजे धागा संपेपर्यंत थांबावें लागतें आणि मग एक लखोटा मिळतो. या लखोट्याच्या प्रकाराला 'रिझल्ट' म्हणतात व त्याच्या जाती दोनच. 'ओके' असेल तर आंत धाग्यानें आणलेलें उत्तर. 'एर' असेल तर आंत त्याच्या मरणाची वार्ता. कोणती जात आहे हें पाहिल्यावांचून उत्तर बाहेर काढतांच येत नाहीं, आणि लखोटा न पाहतां टाकून दिला तर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर तशी सूचना देतो. उत्तर व वार्ता एकाच दारांतून येतात, पण वार्तेचा कोपरा फाडलेला असतो. मरणाची खूण मोजमाप म्हणून वाचली जाण्यास या दाराशीं जागाच ठेवलेली नाहीं.

'एर'च्या आंत एक बंद पेटी असते. धागा कोणतीहि वस्तु हातीं घेऊन मरूं शकतो, म्हणून पेटीवर आंतल्या मालाचें नांव लिहिलेलें नसतें. नवशिके येथेंच अडखळतात: पेटी तशीच छापून पाहिली तर 'एनी' एवढाच निर्बुद्ध शब्द दिसतो. पेटीला विचारावें लागतें, तूं स्थिर मजकूर आहेस काय? नसल्यास, तूं जुळवून तयार केलेली ओळ आहेस काय? बहुधा या दोहोंपैकीं एकाचें उत्तर होकारार्थी येतें. शिवाय जाणकार लोक एक विवेक राखतात. फाइल सांपडली नाहीं, तार तुटली, असल्या अपेक्षित अडचणी सांगण्यासाठीं धाग्यानें मरूं नये. त्यानें जिवंत परत येऊन उत्तरांतच तसें सांगावें. पॅनिक राखून ठेवावें तें प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच चुकीसाठीं. म्हणजे बाहेरचा लखोटा सांगतो धागा जगला कीं मेला, आणि आंतला सांगतो काम साधलें कीं फसलें.

राहिला एकाच दप्तराचा प्रश्न. कारकून खतावणींत रक्कम एका बाजूस मांडतो आणि दुसऱ्या बाजूस मांडण्यापूर्वींच कोसळतो; खतावणी अर्धवट राहते. जावाच्या कर्त्यांना याचा चटका बसला होता. दुसऱ्या धाग्यास बळेंच थांबविण्याची आज्ञा त्यांनीं १९९८ सालीं त्याज्य ठरविली, कारण मरणाऱ्याचें कुलूप आपोआप उघडे आणि अर्धवट दप्तर इतरांसमोर येई. रस्टमध्यें कुलूप हातीं असतां धागा पॅनिक होऊन मेला, तर तें कुलूप 'विषारी' ठरतें. पुढें जो कोणी तें उघडूं जाईल त्याला प्रथम ही वार्ता मिळते. मग दप्तर तपासून वापरावें कीं आपणहि थांबावें, हें त्यानें ठरवावयाचें. ही खबरदारी कित्येकांना जाच वाटते, आणि विषाची भानगड नसलेलीं कुलुपें पुरविणारीं साधनेंहि लोकप्रिय आहेत. तरी जेथें एकाची चूक दुसऱ्याच्या हिशेबांत शिरूं शकते, तेथें मला ती रास्त वाटते.

एवढी योजना करूनहि एक फट राहिलीच होती. आपल्या जनकाच्या खाजगी वस्तु उसन्या घेऊन काम करणारे धागे रस्टमध्यें होते. जनक निघून जाण्यापूर्वीं ते संपतील याची हमी एका रक्षकावर सोंपविली होती. रक्षक नाहींसा होतांना तो धाग्याची वाट पाही. २०१५ सालीं, पक्की आवृत्ति अगदीं तोंडावर आली असतां, असें आढळलें कीं रक्षकाला नियम न मोडतां विसरून जातां येतें. विसरलेला रक्षक कोणाची वाट पाहणार? ती सोय तत्काळ काढून टाकण्यांत आली. ऑगस्ट २०२२ मध्यें ती पुन्हां आली ती निराळ्या रूपानें. आतां जनक एका बंद अंगणांत धागे सुरू करतो, आणि सर्व धागे संपल्याखेरीज अंगणाचें दार उघडतच नाहीं. त्यांतला एखादा मेला व त्याची चौकशी कोणीं केली नाहीं, तर दाराशीं जनक स्वतःच पॅनिक होतो. न विचारलेली वार्ताहि येथें दडत नाहीं.

१९६३ पासून २०२२ पर्यंत येऊन पोंचलों. या काळांत धाग्यांचें मरण टळलें नाहीं, आणि तें टळेल असें कोणी सुज्ञ म्हणतहि नाहीं. सुधारणा झाली ती वार्ता पोंचविण्याच्या रीतींत. पण रस्टमध्येंहि पावतीच फेंकून दिली, तर धागा मोकाट सुटतो आणि त्याच्या मरणाचा आक्रोश पडद्यावर उमटण्यापलीकडे कोणाला कांहीं कळत नाहीं; मुख्य धागा संपला तर उरलेले काम अर्धें टाकून त्याच्याबरोबर जातात; आणि पॅनिक होतांच सर्वच बंद पाडावें असा पर्याय पत्करला, तर लखोटा घेण्यास कोणी उरतच नाहीं. भाषेनें कार्डाचा कोपरा फाडून तें दारांत टाकलें आहे. तें उचलून, वाचून, गेलेल्याच्या अर्धवट कामाची व्यवस्था लावणें हें घरांत राहिलेल्यांचें काम आहे, आणि तें पूर्वींहि त्यांचेंच होतें.